वादी बिहचे पाणी आणि मनोरीचा समुद्र

नैसर्गिक साधनसंपत्तीचे दोन वर्ग करून कोळसा, खनिज तेल आणि धातू हे संपणाऱ्या साधनांच्या रकान्यात, तर पाणी, माती, अरण्य आणि मासळी ही पुनःपुन्हा भरून निघणाऱ्या साधनांच्या रकान्यात लिहावयाची, आणि ती यादी मुलांकडून पाठ करून घ्यावयाची, ही आपल्या शाळांतील वहिवाट इतकी अंगवळणी पडली आहे की, मोठेपणी राज्यकारभार पाहणारी माणसेही त्या यादीच्या पलीकडे जाऊन विचार करीत नाहीत. वस्तुतः कोणतेही साधन क्षय पावणारे की अक्षय्य, हे त्या पदार्थाच्या जातीवरून ठरत नाही. निसर्ग ते ज्या गतीने भरून देतो आणि मनुष्य ते ज्या गतीने उपसतो, त्या दोन गतींच्या परस्परसंबंधावरून ते ठरते. ह्या तत्त्वाचा धडधडीत दाखला ज्याला पाहावयाचा असेल, त्याने संयुक्त अरब अमिरातीच्या उत्तर टोकाला वसलेल्या रास अल खैमाच्या पाण्याचा गेल्या सत्तर वर्षांचा वृत्तान्त लक्षपूर्वक वाचावा. कारण तेथे पाण्यासारखे अक्षय्य म्हणून गणले गेलेले साधन एका पिढीच्या आत खाणीतील खनिजासारखे संपत गेले.

हा प्रदेश आपल्याला परका नाही. पेशवाई बुडाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८१९ च्या नोव्हेंबरात, मुंबई सरकारने मेजर जनरल विल्यम ग्रँट कीर ह्याच्या हाताखाली जी आरमारी मोहीम रवाना केली तिचे मुख्य लक्ष्य रास अल खैमाच होते. आखातातील मोत्यांचा मोठा बाजार पुढे शंभर वर्षे मुंबईतच भरत असे, आणि १९६६ पर्यंत ह्या किनाऱ्यावर चलनात असलेला रुपया भारतीय होता. आज ह्या अमिरातीच्या कारखान्यांत, बंदरांत, इस्पितळांत आणि शाळांत काम करणाऱ्या भारतीयांत मराठी कुटुंबेही आहेत, आणि कोकणातील कित्येक घरांचा चरितार्थ ह्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या पैशावर चालतो.

भूमीची ठेवण अशी की, पूर्वेस हजर पर्वताची चुनखडीची भिंत जवळजवळ १,९०० मीटर उंचीपर्यंत चढत गेलेली, पश्चिमेस उथळ आखात, आणि ह्या दोहोंच्या मध्ये डोंगरावरून वाहून आलेल्या गोट्यांच्या व गाळाच्या थरांनी बनलेले सपाट मैदान, ज्याला स्थानिक लोक जिरी म्हणतात. पाऊस वर्षाकाठी शंभर-सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईत जुलै महिन्यातील एखाद्या दिवशी पडतो तेवढा. तोही दोन-चार वळवांत, आणि कित्येक वर्षी तेवढाही नाही. परंतु जो पडतो तो उघड्या खडकावरून वाद्यांमध्ये, म्हणजे एरवी कोरड्या असलेल्या डोंगरी ओढ्यांमध्ये, धावत येतो, पायथ्याच्या गोट्यांत मुरतो आणि जमिनीखाली साठतो. शतकानुशतके झिरपलेल्या ह्या पाण्यावरच खजुराच्या बागा उभ्या राहिल्या, आणि ओसाड आखाती किनाऱ्यावर हिरवा मुलूख अशी ह्या अमिरातीची ख्याती झाली.

ह्या अल्प पाण्यावर जगण्याची जी रीत तेथील डोंगरी लोकांनी बसविली होती तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. शिहूह नावाने ओळखल्या जाणाऱ्या ह्या टोळ्या हिवाळ्यात डोंगरमाथ्यावर राहत; उतारावर दगडी बांध घालून त्यांनी लहान लहान शेते तयार केली होती आणि आजूबाजूच्या खडकावर पडणारे पाणी त्या शेतांकडे वळवून ते जव व गहू पिकवीत. पिण्याचे पाणी ‘बिरका’ नावाच्या दगडी टाक्यांत साठविले जाई. धान्य ठेवण्यासाठी ‘बैत अल कुफ्ल’, म्हणजे कुलपाचे घर, बांधीत: अर्धे जमिनीत खोदलेले, भल्या थोरल्या दगडांच्या भिंतींचे, आणि आत मातीचे एवढे मोठे रांजण की ते दारातून आत जाणे शक्य नसल्याने आधी रांजण मांडून मग वरची बांधणी पुरी करावी लागे. उन्हाळा आला की हे लोक कुलपे लावून खाली खजुराच्या बागांत आणि समुद्रकाठी उतरत, खजूर उतरवीत, मासळी धरीत, आणि थंडी पडताच पुन्हा वर जात. एकाच जागी वर्षभर ठाण मांडून तेथील पाण्याचा थेंब न् थेंब उपसण्यापेक्षा, ज्या ऋतूत जेथे जे आहे तेथे जाऊन ते तेवढेच घ्यावयाचे, असा हा क्रम होता. त्यातील दारिद्र्य मी नाकारीत नाही. अवर्षणाच्या वर्षी त्या टाक्यांच्या तळाशी काय उरत असेल आणि ते कोणाच्या वाट्यास येत असेल, ह्याची कल्पना मराठवाड्याच्या वाचकाला सांगावयास नको. परंतु त्या दारिद्र्यात एक नियम होता, आणि पुढे समृद्धी आली तेव्हा तो नियम दारिद्र्याबरोबरच टाकून दिला गेला.

पायथ्याच्या प्रदेशात हाच नियम ‘फलज’ ह्या व्यवस्थेत दिसतो. डोंगराच्या कुशीतील भूजल अथवा झऱ्याचे पाणी केवळ उताराच्या बळावर बागेपर्यंत आणणारा हा कालवा अल ऐनच्या परिसरात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा सापडला आहे, आणि अमिरातीतील फलज-परंपरेची नोंद युनेस्कोने २०२० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात केली आहे. फलजाचे वैशिष्ट्य असे की, जमिनीतील पाण्याची पातळी खाली गेली की त्याचा प्रवाह आपोआप मंदावतो. उताराने वाहणाऱ्या पाण्याला मोटेची वा यंत्राची ओढ नसल्यामुळे निसर्गाने दिल्याहून अधिक घेणे त्याला शक्यच नाही. कमी झालेला प्रवाह सर्वांच्याच पाळीत कमी होई. दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून पाळी मोजणारा माणूस सर्वांना ठाऊक असे, आणि तंटा झाल्यास त्याचा निवाडा गावातच होई. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा आणि मोसम ह्या नद्यांवरील बंधाऱ्यांच्या आश्रयाने तीनशे-चारशे वर्षे चालत आलेली फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, पाटकऱ्याने पाळीप्रमाणे पाणी फिरवावयाचे आणि टंचाईचा तोटा सर्व फडकऱ्यांनी वाटून घ्यावयाचा ही तिची शिस्त ज्यांना ठाऊक आहे, त्यांना फलजाचे मर्म वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

१९५५ मध्ये जिरी मैदानातील दिगदगा येथे ब्रिटिशांच्या पुढाकाराने शेतकी प्रयोगकेंद्र सुरू झाले. भाजीपाला, चारा, नवी वाणे आणि तेलावर चालणारे पंप ह्यांची तेथून ओळख झाली, आणि ह्या कामामागील हेतू सर्वथा चांगला होता ह्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पंपाबरोबर पाण्याची मालकी बदलली. फलज गावाचा होता. विहीर आणि तिच्यावरील पंप एकट्याचा झाला. ज्याची विहीर खोल त्याचे पाणी अधिक, आणि शेजाऱ्याची आटली तर त्याने आणखी खोल जावे, असा नवा व्यवहार सुरू झाला. भूजल मात्र कोणाच्याही बांधाला न जुमानता सर्वांच्या जमिनीखाली एकच होते. तेलाच्या उत्पन्नातून पुढे अमिरातीभर शेतीला जे साह्य मिळाले त्यामुळे उपशाची गती आणखी वाढली. १९८२ मध्ये वादी बिह ह्या डोंगरी ओढ्यावर पुनर्भरणासाठी धरण बांधण्यात आले, पुराचे पाणी अडून जमिनीत मुरावे म्हणून. धरणाची तजवीज योग्यच होती. पण जे आकाशातून येतच नाही ते कोणतेही धरण अडवू शकत नाही, आणि उपसा पुनर्भरणाहून मोठा राहिला तोवर पातळी खाली जात राहिली व पाणी मचूळ होत गेले.

पाणी केवळ कमी न होता खारे का होते, ह्याचे शास्त्र प्रत्येक किनारपट्टीवासीयाने समजून घ्यावे इतके महत्त्वाचे आहे. गोडे पाणी समुद्राच्या पाण्याहून हलके असल्यामुळे किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. दोहोंच्या घनतेत फरक फार थोडा, सुमारे अडीच टक्क्यांचा. म्हणूनच समतोल अवस्थेत समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर सपाटीखाली त्याची जाडी सुमारे ४० मीटर असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बादोन घायबेन ह्या डच आणि पुढे हेर्झबर्ग ह्या जर्मन संशोधकाने स्वतंत्रपणे मांडलेला हा नियम उलट बाजूने वाचला म्हणजे त्याची भीषणता कळते: उपशाने गोड्या पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर खालून खारे पाणी कालांतराने ४० मीटर वर चढू शकते. शेतकऱ्याला वरून दिसते ते हातभर उतरलेले पाणी, आणि जे घडत असते ते त्याच्या दृष्टीआड, कित्येक पटींनी मोठे. तेच मचूळ पाणी शेतात खेळविले की प्रखर उन्हात पाणी उडून जाते आणि मीठ मातीत राहते; आधी लिंबाची झाडे वाळतात, मग भाजीपाला जातो, आणि क्षारता सोसण्यात सर्वांहून चिवट असा खजूरही शेवटी शेंड्याकडून सुकू लागतो. खाऱ्या झालेल्या थरातून मीठ धुऊन निघावयास जो काळ लागतो त्यापुढे माणसाचे आयुष्य अपुरे पडते. येथे भरून निघणारे साधन संपणाऱ्या साधनाच्या रकान्यात गेले, आणि ते तेथे नेणारी सही निसर्गाची नव्हती.

आज रास अल खैमाच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः समुद्राचे, निःक्षारीकरण करून गोडे केलेले असते. ह्या विद्येविषयी मला आदर आहे. ती नसती तर हे शहर आजच्या रूपाने नांदलेच नसते. परंतु समुद्र अमर्याद आहे, म्हणून त्यापासून केलेले गोडे पाणीही अमर्याद आहे, हा जो समज नळाखाली हात धरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात नकळत रुजतो तो साफ चुकीचा आहे. पडद्यातून दाबाने पाणी गाळण्याच्या आजच्या सर्वांत काटकसरीच्या पद्धतीतही एक हजार लिटर गोड्या पाण्यास सुमारे तीन ते चार युनिट वीज लागते. आणि अमिरातीतील वीज, बराका येथील अणुकेंद्र व सौर प्रकल्प ह्यांची भर पडली असली तरी, अद्याप मोठ्या प्रमाणावर नैसर्गिक वायू जाळून निर्माण होते. म्हणजे आधी भूजल संपविले, आणि आता त्याच्या जागी भूगर्भातील वायू पाण्याच्या रूपाने पिण्यात येत आहे. जगभरच्या निःक्षारीकरण केंद्रांचा २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, प्रत्येक लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर अतिखारे पाणी मागे उरते. आणि ते जेथे सोडावयाचे ते आखात सरासरी अवघे ३५ मीटरच्या आसपास खोल, होर्मुझच्या चिंचोळ्या तोंडाने महासागराला जोडलेले, व बाष्पीभवनामुळे मुळातच इतर समुद्रांहून अधिक खारे. २००८ च्या उन्हाळ्याअखेर ह्या किनाऱ्यांवर सूक्ष्म शैवालाचे जे तांबडे थैमान सुरू झाले ते आठ महिन्यांहून अधिक काळ टिकले, मासळी मेली, आणि किनाऱ्यावरील कित्येक निःक्षारीकरण केंद्रे बंद ठेवावी लागली. जमिनीखालचा साठा शाबूत असता तर अशा प्रसंगी तोच धावून आला असता. संकटकाळची राखीव गंगाजळी म्हणून भूजलाचे जे मोल आहे ते कोणत्याही कारखान्याच्या क्षमतेने मोजता येत नाही.

ह्याच डोंगराची आणखी एक कथा आहे. ज्या चुनखडीच्या भेगांतून वादी बिहचे पाणी झिरपते, त्याच जातीचा दगड अमिरातीच्या उत्तरेकडील मोठमोठ्या खाणींतून फोडून सक्र बंदरातून जहाजांवर चढतो. भारतातील पोलादाच्या भट्ट्यांना लागणारी उत्तम प्रतीची चुनखडी फार मोठ्या प्रमाणात अमिराती व ओमान येथून येते, तेव्हा हा डोंगर आपल्याही घराच्या सळ्यांत आणि पुलांच्या तुळयांत थोडाथोडा येऊन बसला आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की सुमारे ४४ किलो कर्बवायू हवेत जातो, मग भट्टी तापविण्यास वापरलेले इंधन कितीही स्वच्छ असो. डोंगर पुन्हा उगवत नाही, हे तरी सर्वांना कळते.

शासनाने डोळे मिटून घेतले आहेत असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमिरातीच्या केंद्रीय सरकारने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात २०३६ पर्यंत पाण्याची एकूण मागणी २१ टक्क्यांनी उतरविण्याचे आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याचा ९५ टक्के पुनर्वापर करण्याचे उद्दिष्ट आहे. रास अल खैमाने स्वतःच्या ऊर्जाविषयक धोरणात २०४० पर्यंत ऊर्जेत ३० व पाण्यात २० टक्के बचतीचा संकल्प सोडला आहे. हे संकल्प स्तुत्य आहेत. माझा आक्षेप एवढाच की, ते साधन तोकडे पडल्यावर तंत्राला हाक मारतात, आणि साधनाच्या वाटपाचा नियम मात्र पुन्हा बसवीत नाहीत. कोणत्या शेतातून किती उपसा व्हावा, कोणते पीक ह्या क्षारतेत घ्यावे आणि कोणते मुळीच घेऊ नये, हे जिरी मैदानातील बागाईतदारांनी एकत्र बसून दरवर्षी ठरविल्यावाचून उरलेले पाणी वाचेल असे मला वाटत नाही. साधारण १९६८ पासून जगभर असे मानले जाऊ लागले होते की, सामाईक मालकीचे साधन लोकांच्या लोभाने नष्ट होणारच, आणि त्यावर खासगी मालकी किंवा सरकारी अंमल ह्यांखेरीज उपाय नाही. एलिनॉर ऑस्ट्रोम ह्या विदुषीने देशोदेशीच्या पाटपाण्याचा, कुरणांचा व मासेमारीचा अभ्यास करून हा समज खोडून काढला, आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना लाभले. फलज आणि फड हे त्यांच्याच सिद्धान्ताचे जिवंत दस्तऐवज होत.

तेथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही एक विनंती करावीशी वाटते. भारतीय मानकाप्रमाणे शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि ग्रामीण घरात माणशी ५५ लिटर पाणी पुरेसे धरले जाते; आपल्या देयकावरील आकड्याला घरातील माणसांच्या संख्येने व महिन्याच्या दिवसांनी भागून तो १३५ च्या किती वर जातो हे एकदा पाहावे. दमट उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्रातून दिवसभर ठिबकणारे पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालता येते, आणि ज्या आजीने वैशाखात दोन घागरींसाठी डोंगर उतरला तिच्या नातवंडांना हे सुचवावे लागू नये. ज्यांची घरे रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर आहेत त्यांनी सुटीत आल्यावर आपल्या परसातील विहिरीच्या पाण्याची चव मे महिन्यात घ्यावी. आखातातील पैशाने नारळी-पोफळीत बसविलेला मोठ्या ताकदीचा पंप तेथेही तोच ४० पटींचा हिशेब सुरू करतो.

महाराष्ट्राजवळ ह्या बाबतीत सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे ह्यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावात पाणी पंचायतीचा जो प्रयोग उभा केला, त्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नव्हता, कुटुंबातील माणसांवर होता: माणशी अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, आणि उसाला मज्जाव. हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गाव दरवर्षी पाऊस मोजते, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडते आणि त्यावरून पिके ठरविते. सिंचनासाठी कूपनलिकेस तेथे बंदी आहे. हे सर्व आपल्याच भूमीवर सिद्ध झालेले असताना राज्यभर कूपनलिकांची शर्यत चालू आहे, आणि २००९ चा भूजल अधिनियम २०१४ मध्ये अंमलात येऊनही गावोगावच्या शेतकऱ्याला त्याचा पत्ता नाही.

आणि आता मुंबई महापालिकेने मनोरी येथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा, प्रतिदिनी २०० दशलक्ष लिटरचा व पुढे ४०० पर्यंत वाढविता येण्याजोगा, प्रकल्प योजिला आहे. त्याच्या बाजूने एक सबळ कारण दिले जाते, ते प्रामाणिकपणे नोंदविले पाहिजे: मुंबईसाठी योजिलेल्या गारगाई धरणाखाली तानसा अभयारण्याचे जंगल व गावे बुडण्यापेक्षा समुद्राकडे वळणे बरे. ह्या युक्तिवादात तथ्य आहे. तरीही शंभर-सव्वाशे मिलिमीटर पावसाच्या रास अल खैमाने समुद्राकडे वळावे आणि दोन हजारांहून अधिक मिलिमीटर पावसाच्या मुंबईनेही तेच करावे, ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रास अल खैमाला दुसरा मार्ग उरला नव्हता. मुंबईच्या वाहिन्यांतून गळणारे पाणी, गच्च्यांवरून थेट गटारात जाणारे पाणी, आणि खाड्यांत सोडून दिले जाणारे सांडपाणी हे तीन मार्ग अद्याप धड चालूनही पाहिलेले नाहीत. महापालिकेने मनोरीच्या पाण्याचा दर लिटरमागे, त्याची वीज कोठून येणार ह्यासकट, आणि त्यातून उरणारे अतिखारे पाणी कोळीवाड्यांच्या मासेमारीच्या क्षेत्रात कोठे सोडणार ह्याचा नकाशा जाहीर करावा. त्याच कागदावर गळतीचा आकडा प्रभागवार छापावा. आणि ज्या शहापूर तालुक्यातील भातसा व तानसा जलाशयांचे पाणी मुंबईस येते, त्या तालुक्यातील पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर का लागतात आणि मनोरीच्या पाण्याने मुंबईची गरज जेवढी भागेल तेवढा वाटा त्या पाड्यांना परत दिला जाणार की नाही, ह्याचे लेखी उत्तर निविदा मंजूर करण्यापूर्वी द्यावे.